दुबईची खाडी आणि अल फहिदी
दुबईत मॉल आणि उंच इमारतींपलीकडे पाहण्यासारखे काहीच नाही, असे काही जण म्हणतात; ते मला मान्य नाही. उन्हाळ्यात तेथे जाणे टाळावे, हा सल्ला मात्र पूर्णपणे पटतो. १९६६ मध्ये तेल सापडण्यापूर्वी हे शहर खाडीवरील व्यापारावर उभे होते, आणि त्या काळातील वस्तीचा काही भाग अल फहिदी परिसरात आजही जपलेला आहे. तेथील घरांवर चौकोनी वातमनोरे आहेत. ते चारही बाजूंनी उघडे असल्यामुळे कोणत्याही दिशेने येणारा वारा अडवून खालच्या खोलीत उतरवतात. वातानुकूलन यंत्रे नसताना माणसे या उष्म्यात कशी राहिली असतील, हे तेथे उभे राहिल्यावर खरोखर कळते. जवळच्या धक्क्यावरून अब्रा नावाच्या लाकडी होड्या अवघ्या १ दिरहममध्ये खाडीपलीकडे देरा भागातील मसाल्यांच्या आणि सोन्याच्या बाजारांकडे नेतात.

उन्हाळ्यातच जावे लागले, तर एक गोष्ट लक्षात ठेवावी: १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात दुपारी साडेबारा ते तीन उघड्या उन्हात कामगारांकडून काम करून घेण्यास तेथे कायद्याने मनाई आहे. पर्यटकांनीही, विशेषतः सोबत वृद्ध आई-वडील किंवा लहान मुले असताना, त्या वेळेत पायी फिरू नये.