प्रतिसाद: ईएमआयवरून व्याजदर काढणे

कर्जाची रक्कम, हप्ता आणि मुदत माहीत असली तरी समीकरणात व्याजदर 'र' एका बाजूला सुटा करता येत नाही, हे वरच्या पोस्टमध्ये म्हटलंय ते बरोबरच आहे. ६० हप्त्यांच्या समीकरणाला बीजगणिताने हात घालण्यात अर्थ नाही. पण त्यासाठी आर (R ही आकडेमोडीची प्रोग्रॅमिंग भाषा) सोडून एक्सेलच्या गोल सीककडे, म्हणजे हवं ते उत्तर येईपर्यंत आकडा बदलून बघणाऱ्या सोयीकडे जायला हवं, हे तिथलं म्हणणं पटत नाही. आरमधलं युनिरूट (uniroot) नेमकं हेच काम करतं: फंक्शनची किंमत कुठे शून्य होते ते शोधतं. हप्त्यांची आजची किंमत वजा कर्जाची रक्कम, असं फंक्शन लिहायचं आणि उत्तर कुठल्या दोन आकड्यांच्या मध्ये आहे ते सांगायचं. खालचं टोक शून्य देऊ नका, तिथे शून्य भागिले शून्य होऊन ते लगेच अडतं. मी मासिक दरासाठी ०.०००१ ते ०.०५ देते.

आता इथे कुणी न सांगितलेली गोष्ट. युनिरूटची मूळ सहनशीलता (टॉल, tol), म्हणजे उत्तरात किती चूक चालवून घ्यायची तो आकडा, साधारण ०.०००१२ असते. मासिक दर ०.०१ च्या आसपास असताना एवढी चूक खपवून घेतली, तर वार्षिक दरात ०.१५ टक्क्यापर्यंत फरक पडू शकतो. म्हणून टॉल स्वतः ०.०००००००००१ असा द्या. पडताळ्यासाठी: ५ लाख, ६० महिने, हप्ता ११,१२२ रुपये, तर महिना १ टक्का यायला हवा. आता प्रक्रिया शुल्काचे १०,००० आधीच कापले असं धरून ५ लाखांऐवजी ४.९ लाख घाला. वार्षिक दर १२ टक्क्यांवरून थेट १२.९ च्या जवळ जातो. कर्ज घेण्याआधी हे एकदा प्रत्येकाने करून बघावंच.