मदत हवी आहे : ‘विल’खेरीजचा भविष्यकाळ मुलांकडून कसा लिहून घ्यावा?

नमस्कार. मी मराठी माध्यमाच्या शाळेत आठवीला इंग्रजी शिकवते. वर्गात 58 मुले आहेत आणि तासिका 35 मिनिटांची असते. भविष्यकाळाचे नियम मुलांना पाठ आहेत, पण लिहायला बसली की प्रत्येक वाक्यात ‘विल’ येते. ‘उन्हाळ्याच्या सुट्टीत काय कराल’ यावर दहा ओळी लिहायला सांगितल्या, तर दहाही ‘आय विल’नेच सुरू झाल्या. अर्थात तो विषयच तसा होता. त्यात निवड करण्याची वेळच येत नाही.

एका मुलीने लिहिले, ‘माय ब्रदर विल मॅरी ऑन संडे’. पत्रिका वाटून झाल्या होत्या, एक माझ्याकडेही आली होती. म्हणजे तिथे ‘इज गेटिंग मॅरिड’ शोभले असते. तिलाच मराठीत विचारले, तर ‘लग्न होईल’ न म्हणता ती ‘रविवारी दादाचं लग्न आहे’ म्हणाली. तेव्हापासून मी मराठीचा आधार घेऊ लागले. आभाळ भरून आले की आपण ‘पाऊस येणार’ म्हणतो, तिथे ‘गोइंग टू’. एसटी सहाला ‘सुटते’, तिथे इंग्रजीतही साधा वर्तमानकाळ. मात्र हा आधार मध्येच दगा देतो. ‘थांब, मी देतो’ असे आपण वर्तमानकाळात म्हणतो, इंग्रजीला तिथे नेमके ‘विल’ लागते आणि मुले ‘वेट, आय गिव्ह’ लिहून मोकळी होतात.

त्यावर चिठ्ठ्यांचा उपाय लागू पडला. एकाने पेन संपल्याची अडचण लिहून पुढे सरकवायची आणि शेजाऱ्याने जागच्या जागी उत्तर लिहायचे. ‘आय विल गिव्ह यू माइन’ आपसूक उतरले. सहलीचे नियोजन लिहून घेण्याचा प्रयोग मात्र फसला, कारण पक्के ठरलेले काय आणि नुसते मनात असलेले काय, हा भेद कागदावर आलाच नाही.

हा भेद करायला भाग पाडणारा लेखी उपक्रम कोणी वर्गात घेतला आहे का? दुसरी अडचण ‘व्हेन आय विल रीच, आय विल कॉल’ या वाक्याची. तिथे ‘व्हेन आय रीच’ हवे. ‘पोहोचेन तेव्हा’ऐवजी ‘पोहोचलो की’ असा विचार करा, असे सुचवून पाहिले, तर काहींनी ‘व्हेन आय रीच्ड’ लिहिले! इथे मराठी बाजूलाच ठेवावी का? आणि 58 वह्या तपासण्याऐवजी मुलांनी एकमेकांच्या तपासल्या, तर चुका पक्क्या होतात की सुटतात, याचाही अनुभव कृपया कळवावा.