पावसात दही लागत नाहीये, काय करू?

नौपाडेकरीण:
जुलै लागला की आमच्याकडे दह्याचं रडगाणं सुरू. काल रात्री अकराला विरजण लावलं, सकाळी बघते तर दूध जसंच्या तसं. थालीपिठं तव्यावर आणि दह्याचा पत्ता नाही! सासूबाई म्हणाल्या, "हाताला गुण लागतो." (मे महिन्यात याच हाताने पाच तासांत कवडी दही लागत होतं, तेव्हा कोणी गुण काढला नाही.)

नेरुळची काकू:
हाताचा नाही गं, गारव्याचा दोष. विरजणातले जिवाणू साधारण 40 ते 45 अंशांना जोमात असतात. करंगळी बुडवून दहा आकडे मोजता आले की दूध बरोबर. मग पातेलं गव्हाच्या डब्यात रोवून ठेव.

घोडबंदरवाला:
एकटा राहतो, गव्हाचा डबा कुठला! पोळ्यांच्या कॅसरोलमध्ये लावतो. विरजण मात्र फ्रिजमधलं गारढोण घालू नका.

नौपाडेकरीण:
हेच करत होते मी! काल अर्धा तास आधी बाहेर काढलं, पातेलं गव्हात रोवलं. सकाळी चमचा उभा राहिला. सासूबाईंनी दोनदा वाढून घेतलं. बोलल्या काही नाहीत.