मदत हवी आहे: ब्रेक पॅड कोणते घ्यावेत? (तातडीचं)

अर्धा_क्लच
बाईकचा पुढचा ब्रेक दाबला की चाकातून करवत चालवल्यासारखा आवाज येतोय. पॅड तसे नवेच आहेत, जेमतेम चार हजार किलोमीटर झाले असतील, पण आता वैताग आलाय, बदलणार. रविवारी लांब जायचंय, त्यामुळे आज-उद्या ऑर्डर टाकायलाच हवी. कुठल्या कंपनीचे घेऊ एवढंच सांगा. बाकी सगळं चेक केलेलं आहे.

धुरळा
गाडी कोणती ते तरी सांगा राव. 'पोटात दुखतंय, गोळीचं नाव सांगा' अशातली गत झाली ही.

सुसाट७
सिंटर्ड, एचएच. डोळे झाकून घ्या. सहा वर्षं तेच वापरतोय, दोन बोटांत गाडी जागच्या जागी उभी. ऑरगॅनिक, म्हणजे ते राळेत तंतू बांधलेले मऊ पॅड, नुसता पुठ्ठा.

निवांत_प्रवासी
पॅडच्या कडा कानशीने थोड्या तिरप्या घासा, आवाज जातो. माझा गेला होता.

अर्धा_क्लच
गाडी जुनी मोटो गुझ्झी आहे. आत्ता लावलेत तेही सिंटर्ड एचएचच आहेत, पाठीवर छापलंय. कडा घासून झाल्या, काही फरक नाही. मापाचा प्रश्न नाहीये, फक्त कंपनी सांगा.

जुना_पाना
मॉडेल? साल? डिस्क मूळचीच आहे का? आणि गाडी धुऊन रात्रभर ठेवली तर सकाळी डिस्कवर तांबूस थर दिसतो का?

अर्धा_क्लच
८५० टी३, १९७८. डिस्क मूळच्याच. थर येतो, दोन-तीनदा ब्रेक मारला की पुसला जातो. पण त्याचा पॅडशी काय संबंध?

जुना_पाना
सगळी गोम तिथेच आहे, साहेब. तुमची डिस्क बिडाची आहे, म्हणजे ओतीव लोखंडाची. हल्लीच्या बहुतेक गाड्यांना स्टेनलेसची असते. सिंटर्ड पॅड म्हणजे धातूची पूड दाबून, तापवून एकजीव केलेली. तो कडक पॅड स्टेनलेसला झेपतो, बीड मऊ असल्यामुळे त्याला खात सुटतो. आधी डिस्कवर नख फिरवून बघा, चर लागतात का ते.
बिडाला ऑरगॅनिकच लावा. फेरोडो प्लॅटिनम चालतो. ईबीसीचा घ्यायचा तर त्यांचा काळा ऑरगॅनिक घ्या, नंबराच्या शेवटी एचएच असलेला नको.

सुसाट७
ऐकीव गोष्टी. माझ्या डिस्कला सहा वर्षांत ओरखडा नाही. आणि एचएच हे सगळ्यात वरचं रेटिंग आहे. खालच्या दर्जाचा माल लावा म्हणून सल्ला देताय का?

जुना_पाना
ती अक्षरं दर्जाची नाहीत, घर्षणाची आहेत. पहिलं अक्षर पॅड गार असतानाचं, दुसरं तापल्यावरचं. एच म्हणजे घर्षणांक ०.५५ च्या वर, जी म्हणजे ०.४५ ते ०.५५. पॅड डिस्कला किती खातो हे त्यात कुठेच नाही. तुमची गाडी कोणती?

सुसाट७
आठ वर्षांची आहे. आणि डिस्कला चुंबक चिकटतो, स्वतः लावून बघितलाय. म्हणजे लोखंडच ना?

एकटी_स्वार
चुंबकावरून कळत नाही हो. ब्रेक डिस्कचं स्टेनलेस वेगळ्या जातीचं असतं, त्यालाही चुंबक चिकटतो. गंज धरते का ते बघायचं. तुमची धरत नसणार.

अवांतर: १९६९ च्या होंडा सीबी७५० ला पुढे स्टेनलेसची डिस्क आली, आणि दिसायला छान म्हणून ती पद्धत पडली. पण त्या काळचे पॅड ओल्या स्टेनलेसवर धरायचेच नाहीत. लिव्हर दाबायचा, मनात एक-दोन मोजायचे, मग गाडी थांबायला लागायची. बीड पावसात त्यापेक्षा बरं धरतं. ब्रिटिश गाड्यांच्या बिडाच्या डिस्कला गंजू नये म्हणून क्रोम चढवायचे, आणि मालक पावसात ब्रेक लागावा म्हणून तोच क्रोम घासून काढायचे!

निवांत_प्रवासी
गंजाचाच त्रास असेल तर गाडी ठेवताना डिस्कवर तेलाचा हलका हात फिरवा. माझे काका सगळ्या लोखंडाला लावायचे.

धुरळा
काका ब्रेक लावायचे की नाही?

जुना_पाना
अहो नका! कोणी हे वाचून खरंच करेल. तेल पॅडमध्ये मुरलं की पॅड फेकायचा. तांबूस थर राहू द्या, पहिल्या ब्रेकला जातो तो.
अर्धा_क्लच, पुढे दोन डिस्क आहेत ना? दोन्हींना सिंटर्ड आहेत का?

अर्धा_क्लच
नाही, फक्त उजवीला. या गाडीला हाताचा लिव्हर फक्त उजवी पुढची डिस्क धरतो, पायाचं पेडल डावी पुढची आणि मागची एकत्र धरतं. उजवीचे पॅड संपले होते म्हणून तेवढेच बदलले. डावीला आधीच्या मालकाने लावलेले काळे पॅड आहेत, ती कधी आवाज करत नाही.
नख फिरवलं. उजवीवर चर आहेत, आणि बाहेरच्या काठाला नख चक्क अडकतं. डावी जवळपास गुळगुळीत. पण व्हर्निअरने मोजलं तर दोन्हींची जाडी सारखीच येतेय. म्हणजे झिजलेली नाही ना?

एकटी_स्वार
हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलं असतं तर...

जुना_पाना
व्हर्निअरचे जबडे काठावरच्या न झिजलेल्या उंचवट्यावर टेकतायत, म्हणून सारखी येतेय. डिस्कच्या दोन्ही बाजूंना, पॅड घासतो तिथे, एकेक सारखं नाणं धरा. नाण्यांवरून मोजा आणि दोन नाण्यांची जाडी वजा करा. तीन-चार ठिकाणी मोजा.
डावीचे ते काळे पॅड किती जुने आहेत देव जाणे. जुन्या पॅडमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं. तिथली धूळ हवेने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा.

सुसाट७
माझी डिस्क गंजत नाही हे खरं आहे. तरी एचएचला तोड नाही.

अर्धा_क्लच
नाणी लावून मोजलं. डावीपेक्षा उजवी ०.४ मिमीने पातळ. चार हजारांत! मॅन्युअलमधल्या मर्यादेच्या किंचित खाली गेलीय. विकणारा म्हणाला होता, 'सगळ्या गाड्यांना चालतात'.
आता चर लेथवर काढून नवे ऑरगॅनिक पॅड टाकू का?

जुना_पाना
मर्यादेखाली गेलीय तर लेथवर आणखी काय काढणार? डिस्क नवी घ्या, आणि पॅड तिन्हीकडे एकाच जातीचे टाका. पहिले दोन-तीनशे किलोमीटर हलक्या हाताने ब्रेक मारा, पॅड बसू द्या. रविवारचं विसरा.

निवांत_प्रवासी
बरं, डिस्कला नको तर नको. निदान चेनला तरी तेल लावत जा.

अर्धा_क्लच
काका, या गाडीला चेन नाही. शाफ्ट आहे.