शिंजीर, साखरपाणी आणि मुंग्या : तुमचे अनुभव सांगा

लातूर :
पाखरांना साखरपाणी पाजायची लाल प्लास्टिकची बाटली ऑनलाइन मागवली. खोक्यावर हमिंगबर्डचं चित्र. तो अमेरिका खंडाबाहेर नसतोच, हे टांगल्यावर वाचलं! आपल्याकडं फुलांतला रस पिणारा इवलासा शिंजीर. एक वाटी साखर, चार वाट्या पाणी, उकळून गार केलं नि भरलं. शिंजीर कुंपणावरच्या घाणेरीवर रोज येतो, पण बाटलीकडं ढुंकून बघत नाही. मुंग्यांची मात्र रांग लागलीय. कुणाच्या अंगणात जमलंय का?

परभणी :
बाटलीला दांडी आहे का? शिंजीर अधांतरी फडफडत क्वचितच पितो, त्याला पाय टेकायला काहीतरी लागतं. मी वीतभर तुराटी तारेनं बांधली. नवव्या दिवशी मादी आली. वरून मातकट, पोटाला पिवळसर. आधी तुराटीवर चोच दोन्हीकडून घासली, मग मान वाकडी करून भोकात घातली. मुंग्यांसाठी टांगायच्या तारेत औषधाच्या बाटलीचं झाकण उताणं ओवलं, भोक मेणानं बुजवलं आणि त्यात पाणी भरलं. उन्हाळ्यात दुपारपर्यंत आटतं, पुन्हा भरावं लागतं.

अंबाजोगाई :
मध, गूळ, खायचा रंग यातलं काही घालू नका. मी गूळ घालून बसले. एप्रिलचं ऊन, दुसऱ्या दिवशी फेस आणि आंबूस वास. सासूबाई म्हणाल्या, "पाखरांना ताडी पाजायलीस का गं?" आता साखरपाणीच, तेही रोज ओतून देते; बाटली गरम पाण्यानं ब्रशनं घासते.

नांदेड :
आमच्या बाटलीवर बुलबुलांचाच कब्जा. बिचारा शिंजीर कडीपत्त्यात बसून वाट बघतो.

बीड :
मी बाटली काढून टाकली. जास्वंद, टेकोमा, हमेलिया लावलं, न्हाणीचं पाणी तिकडं वळवलं. फेब्रुवारीत कपडे वाळवायच्या तारेला घरटं लटकलं : कोळिष्टकं, वाळका पाला, कागदाचे कपटे. विणत होती एकटी मादी. नर नुसता गात होता (असो). पिल्लांना भरवायला कोळी नि बारके किडे आणायची. तेव्हापासून जास्वंदीवरच्या पांढऱ्या माव्यावर फवारा बंद. मावा हातानं पुसतो. कपडे दोन महिने गच्चीवर.

लातूर :
तुराटी बांधली, झाकणही ओवलं. आज सकाळी नर आला, उन्हात निळाजांभळा चमकत होता. तुराटीवर बसला, इकडंतिकडं बघितलं आणि मुंग्यांसाठी ठेवलेलं झाकणातलं पाणी पिऊन गेला.