शब्दचर्चा : ‘व्हेटरन’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न : युद्धाविरुद्ध उभ्या राहिलेल्या अमेरिकी सैनिकांवर लेख लिहिते आहे. १९८५ साली मेन राज्यात सुरू झालेल्या ‘व्हेटरन्स फॉर पीस’ या संघटनेचे नाव मराठीत कसे सांगावे? ‘शांततेचे निवृत्त योद्धे’ चालेल? की सरळ ‘शांतिसैनिक’?

उत्तर : दोन्ही नकोत. ‘निवृत्त’ म्हटले की नोकरीची पुरी वर्षे, निरोप समारंभ, पेन्शन हे सगळे मागोमाग येते. व्हिएतनामला गेलेल्यांत सक्तीच्या भरतीतली कितीतरी पोरे होती. वर्षभर तिथे काढून ती ऐन विशीत घरी परतली, त्यांना निवृत्त कसे म्हणणार? सेवा दोन वर्षांची असो की तीस, ‘माजी सैनिक’ दोन्हींना बसतो. ‘योद्धे’ने उगाच गौरवाचा सूर लागतो.

‘शांतिसैनिक’ या शब्दावर आधीच दोघांचा हक्क आहे : विनोबांच्या शांतिसेनेतले निःशस्त्र कार्यकर्ते आणि संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेतले जवान. शिवाय ‘व्हेटरन्स फॉर पीस’मधल्या अनेकांनी स्वतः बंदूक चालवलेली आहे, युद्ध जवळून पाहिलेले आहे. त्यांच्या बोलण्याला वजन आले ते त्यामुळेच. ते नावात झाकले जाता कामा नये. माझ्या मते ‘शांततेसाठी झटणारे माजी सैनिक’ असे लिहा.

दुसरे मत : ‘शांतता’ म्हणजे गप्प बसणे असेही होते ना? मग ‘युद्धविरोधी माजी सैनिक’ का नको?

उत्तर : १९६७ साली निघालेल्या ‘व्हिएतनाम व्हेटरन्स अगेन्स्ट द वॉर’ला ‘युद्धविरोधी’च हवे, कारण त्यांच्यासमोर एक ठरावीक युद्ध होते. इथे ‘शांतता’ ठेवावी. शांतता करार, शांतता चळवळ हे शब्द रुळलेले आहेत, वाचक अडखळत नाही.

प्रश्न : आणि ‘विंटर सोल्जर’? १९७१च्या सुरुवातीला डेट्रॉइटमध्ये शंभरावर माजी सैनिकांनी व्हिएतनाममधल्या अत्याचारांबद्दल जाहीरपणे सांगितले, त्या कार्यक्रमाच्या नावात हा शब्द आहे. ‘हिवाळी सैनिक’ लिहिले, पण पटत नाही.

उत्तर : पटणार नाहीच, ‘हिवाळी’ म्हटले की अधिवेशन आठवते. मूळ संदर्भ १७७६चा आहे. अमेरिकी स्वातंत्र्ययुद्धात जॉर्ज वॉशिंग्टनचे सैन्य मागे हटत असताना लेखक टॉमस पेनने लिहिले की ‘उन्हाळी सैनिक’ अशा वेळी देशसेवेतून अंग काढून घेईल. त्याच्या उलट तो ‘विंटर सोल्जर’. म्हणून ‘पडत्या काळातला सैनिक’. डेट्रॉइटमधल्या माणसांचे म्हणणेच ते होते, की खरे सांगणे हीसुद्धा देशसेवा आहे. तिथे ते जे बोलले त्याला ‘कबुलीजबाब’ म्हणू नका, त्यात पोलीस चौकी डोकावते. केलेले आणि पाहिलेले दोन्ही सांगितले, ती ‘साक्ष’.

जाता जाता एका क्रियापदाबद्दल. १९७१च्याच २३ एप्रिलला वॉशिंग्टन शहरात शेकडो माजी सैनिकांनी ‘पदके परत केली’ असे आपल्याकडे सहज लिहिले जाते. संसदेच्या इमारतीसमोर कुंपण घातले होते. एकेक जण पुढे येई, कुणी स्वतःचे नाव सांगे, कुणी मेलेल्या मित्राचे, आणि पदक कुंपणापलीकडे फेकून देई. परत करायला समोर घेणारा लागतो, तिथे तो नव्हता. तेव्हा ‘भिरकावली’ लिहा.

‘आर्मिस्टिस डे’ लेखात येणार असेल तर ‘शस्त्रसंधी दिन’ करा. ११ नोव्हेंबरचे, म्हणजे पहिले महायुद्ध थांबले त्या दिवसाचे, हे नाव अमेरिकेने १९५४ साली बदलून ‘व्हेटरन्स डे’ केले, आणि ‘व्हेटरन्स फॉर पीस’ जुन्याच नावासाठी आग्रह धरते. दोन्हींना ‘माजी सैनिक दिन’ म्हटलेत तर त्यांचा मुद्दाच पुसला जाईल.