ठाण्यात (आणि पुढच्या स्टेशनांत) पाहुणे आले की कुठे नेता? तुमचे अनुभव लिहा

तळ्याकाठची
काल सांगलीच्या आत्याचा फोन. "शुक्रवारी येतेय गं, दोनच दिवस. यावेळी घरात बसणार नाही, तुमच्या ठाण्यात काय बघायचं ते दाखव." फोन ठेवला आणि मी ओट्यापाशी नुसती उभी. जन्म ठाण्यातला, सासर पण ठाण्यातच, आणि डोक्यात पहिलं काय आलं तर तलावपाळी. दुसरं पण तलावपाळीच.

मग एकदम ८८ साल आठवलं. तेव्हापण हीच आत्या आली होती. पाहुण्यांसाठी बाबांचा कार्यक्रम ठरलेला असायचा. माणूस लोकलमधून उतरला की त्याच्या हातातली पिशवी घ्यायच्या आधी त्याला प्लॅटफॉर्मवरच थांबवून सांगणार, १६ एप्रिल १८५३, बोरीबंदरहून देशातली पहिली पॅसेंजर गाडी निघाली ती कुठे आली? इथे! चौदा डबे, चारशे पाहुणे, तीन इंजिनं साहिब सिंध आणि सुलतान. जसे काय स्वतः खिडकीत बसून आले होते. मग चालत जांभळी नाका, कौपिनेश्वराचं दर्शन, तलावपाळी, बोट, भेळ, घरी. आत्या बोटीत पाय टाकायला आणि बोट हलायला एकच गाठ पडली, तिने माझा फ्रॉक धरला आणि डाव्या पायातली कोरी कोल्हापुरी गेली मसुंद्यात, म्हणजे तलावपाळीच्या तळ्यात. बोटवाल्याने वल्ह्याने बराच वेळ ढवळलं, वर काय आलं तर शेवाळ आणि कुणाचंतरी निर्माल्य. आत्या एका पायात चप्पल घालून भेळ खात होती आणि बाबा स्टेशन रोडवर रबरी स्लीपर आणायला पळाले.

तर सांगा, तुमच्याकडे कोणी आलं की कुठे नेता? ठाणंच पाहिजे असं नाही, कळवा मुंब्रा डोंबिवली कल्याण अंबरनाथ सगळं चालेल. यादी नको, यादी फोनवर पण मिळते. काय घडलं ते लिहा.

झणझणीत
मेहुणा कोल्हापूरचा. आमच्याकडची मिसळ म्हणजे कशी, तुमच्याकडे काय तिखट मिळणार, हे ऐकून ऐकून कान किटले होते. नेला ठाण्याच्या मामलेदार मिसळला. मी मध्यम सांगितली, त्याने मिशीवर हात फिरवून तिखट. रांगेत वीस मिनिटं त्याचं भाषण चालू होतं तांबड्या रश्श्यावर. मिसळ आली, तिसऱ्या घासाला भाषण बंद. चौथ्याला चष्मा काढला. मी काही बोललो नाही, ताक मागवलं फक्त. घरी येऊन बायकोला सांगतो "ठीक होती, जरा मीठ कमी होतं" 😀

स्लो_लोकल
मीठ कमी!! हाहा, कोल्हापूरकर हरला तरी असाच हरणार

कोल्हापुरी_पांढरा
मी कोल्हापूरचा आहे आणि निषेध नोंदवतो. ती मिसळ तिखट आहे, आमची चवदार आहे. फरक आहे.

झणझणीत
मेहुणे तुम्हीच का?

वालधुनी
आमच्याकडे कोणी आलं की मी एकच ठिकाण दाखवते, अंबरनाथचं शिवमंदिर. लोकांना वाटतं अंबरनाथ म्हणजे केमिकलचे कारखाने आणि खचाखच भरलेली लोकल. स्टेशनवरून रिक्षा केली की दहा मिनिटांत तुम्ही शिलाहारांच्या काळात. शिलालेखात शके ९८२ आहे, म्हणजे १०६०. हजार वर्षं होत आली. सगळा काळा दगड आणि बाहेरच्या भिंतीवर एक वीत जागा रिकामी सोडलेली नाही.

माझी नागपूरची मैत्रीण आली होती, तिला देवळं वगैरे अजिबात आवडत नाहीत, तोंड वाकडं करूनच आली. गाभाऱ्यात पायऱ्या उतरून खाली जावं लागतं माहितीये ना, वीसेक पायऱ्या आहेत, दगड गार आणि ओलसर, डोळे सरावेपर्यंत काही दिसत नाही. खाली पोचल्यावर ती म्हणाली वरून उजेड कुठून येतोय. मान वर केली तर आकाश. शिखर वर पूर्ण नाहीच, गाभारा उघडा आहे. थेट पिंडीवर उजेडाचा एक पट्टा आणि त्यात उदबत्तीचा धूर. ती तिथेच मांडी घालून बसली. पंधरा मिनिटं उठेना, मागची माणसं माझ्याकडे बघायला लागली. वर आल्यावर म्हणाली तू एवढी वर्षं इथे राहतेस आणि मला हे आत्ता सांगतेस?

बाजूच्या वालधुनी नदीचा वास येतो हे खरंय, ते लपवून उपयोग नाही, रुमाल ठेवा. आणि महाशिवरात्रीला जाऊ नका. म्हणजे भाविक असाल तर जा, पण मूर्ती बघायच्या असतील तर साध्या मंगळवारी वगैरे जा.

अर्धाकप
वालधुनी ताई, मी बदलापूरला राहतो, रोज अंबरनाथवरून जातो, अजून मंदिर बघितलं नाही. लाज वाटली वाचून. या रविवारी नक्की.

स्लो_लोकल
या रविवारी मेगाब्लॉक आहे, लोकलचे हाल

अर्धाकप
संपलं.

फडके_रोड
डोंबिवलीत बघायला काय आहे असं विचारणाऱ्याला मी सांगतो, माणसं. दिवाळीच्या पहिल्या पहाटे फडके रोडवर या. गणपतीच्या देवळात दर्शन हे निमित्त, खरं म्हणजे नवीन कपडे दाखवायला आणि गेल्या वर्षभरात कोण कुठे गेलं ते बघायला येतात सगळे. पुण्याच्या मामेभावाला नेलं होतं तर सारखं विचारत होता, कार्यक्रम कधी सुरू होणार? अरे हाच कार्यक्रम! आणि गुढीपाडव्याची स्वागतयात्रा पण आमच्या डोंबिवलीतूनच सुरू झाली, मग सगळीकडे गेली, हे जाता जाता सांगून ठेवतो कारण ठाणेकर सांगणार नाहीत.

तळ्याकाठची
सांगणार नाही म्हणजे काय, राम मारुती रोडला या की दिवाळीत, पाय ठेवायला जागा नसते :)

चष्मिस
माझा अनुभव थोडा वेगळा आहे. वडलांचे चुलतभाऊ, नाशिकचे, वय तेव्हा अठ्ठ्याहत्तर. ठाण्यात आले ते फक्त एका कामासाठी, तुरुंग बघायला. घरात सगळे हसले. काकांनी काही उत्तर दिलं नाही, टोपी घातली आणि मला म्हणाले चल. रिक्षात सांगत होते. पोर्तुगीजांचा किल्ला, १७३७ ला मराठ्यांनी घेतला, पुढे इंग्रजांनी त्याचा तुरुंग केला. आणि १९ एप्रिल १९१० ला इथे अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे तिघांना फाशी दिलं. नाशिकला इंग्रज कलेक्टर जॅक्सनला मारल्याबद्दल. कान्हेरे अठरा वर्षांचे होते. मी तेव्हा अकरावीत, म्हणजे माझ्यापेक्षा दीडेक वर्षाने मोठे.

आत काय जाता येणार, चालू तुरुंग आहे. काका भिंतीसमोर रस्त्याच्या कडेला उभे राहिले, टोपी काढून हातात धरली. पहाऱ्यावरचा हवालदार आला, काय पाहिजे आजोबा, कोणाला भेटायचंय? काका म्हणाले "हो, पण उशीर झाला." हवालदाराला काही कळलं नाही, पण त्याने सावलीत खुर्ची आणून दिली. मी शाळेत जाताना त्या भिंतीवरून रोज जायचो. कधी वर बघितलं नव्हतं.

माजघर
बापरे. काटा आला अंगावर.

उंडगा
ठाण्यात घोडबंदर साईडला भाड्याने १ बीएचके कोणाला माहिती आहे का? बॅचलर, शाकाहारी, अर्जंट.

झणझणीत
दादा धागा काय, तुम्ही काय

उंडगा
सॉरी, सगळे ठाणेकर एका जागी दिसले म्हणून विचारलं.

खारफुटी
घोडबंदर निघालंच आहे तर माझं पण ऐका. ओवळ्याला ओवळेकर वाडी म्हणून फुलपाखरांची बाग आहे, रविवारी सकाळी जायचं. माझी वहिनी न्यू जर्सीहून आली होती दोन मुलांना घेऊन, मुलांना मॉलच पाहिजे होता. सकाळी लवकर निघालो कारण नंतर घोडबंदर रोड म्हणजे तुम्हाला माहितीच आहे, आधी खड्डे मग मेट्रोचे पत्रे मग ट्रेलर. तरी अडकलोच. मुलं वैतागलेली. पण बागेत गेल्यावर थोरल्याच्या कोपरावर एक मोठं काळंनिळं फुलपाखरू येऊन बसलं, त्याने श्वास रोखून धरला, खरंच रोखून, तोंड लाल झालं. घामातलं मीठ चाटायला बसतात म्हणे. दहा वर्षांचा मुलगा, तो हात त्याने दोन दिवस नीट धुतला नाही.

याच वहिनीला फ्लेमिंगो दाखवायचा बेत मात्र फसला. ऐरोलीच्या केंद्रातून खाडीत बोट जाते, आधी बुकिंग करायचं, आणि बोटीची वेळ भरतीवर ठरते, रोज वेगळी. मी शहाणा, मागच्या वर्षी गेलो होतो तीच वेळ डोक्यात धरून गेलो. बोट गेलेली. चूक माझीच. मग ऐरोलीच्या पुलावरून लांब चिखलात एक गुलाबी रेघ दिसत होती ती दाखवली, वहिनी म्हणाली त्या पिशव्या आहेत ना? नाही गं बाई, पक्षी आहेत, २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेलीये ही ठाण्याची खाडी! काही उपयोग झाला नाही.

वालधुनी
पिशव्या 😂😂

माजघर
मी जास्त लिहू शकत नाही, पोळ्या करतेय. सासऱ्यांची बायपास झाली तेव्हा डॉक्टरांनी चालायला सांगितलं, कचराळी तलावाला मी त्यांना रोज सकाळी घेऊन जायचे. त्यांना नाव आवडायचं नाही, एवढं सुंदर तळं आणि नाव काय ठेवलंय म्हणायचे. गावाहून कोणी आलं की त्याला पहाटे उठवून तिकडेच नेणार, "चला तुम्हाला आमचं ऑफिस दाखवतो." तिथल्या एका बाकावर सात आठ आजोबा बसायचे, रोज तेच जोक. मागच्या वर्षी सासरे गेले. मी अजून जाते. आजोबा आता पाच आहेत. मला बघून सरकून जागा करतात, मी बसत नाही, पण करतात.

तळ्याकाठची
माजघर, काय लिहू. एकदा बसा त्यांच्याजवळ.

चष्मिस
+१

स्लो_लोकल
विषय बदलतो जरा. येऊरबद्दल कोणी लिहिलं नाही? संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचाच भाग, बिबट्यांचं घर आहे, त्यामुळे सूर्य मावळायच्या आत खाली या, शूरपणा नको. आम्ही ऑफिसच्या दिल्लीवाल्या साहेबांना पावसाळ्यात सकाळी नेलं, उपवनला चहा मारला आणि वर चढलो. साहेब म्हणाले माकडं फार शांत आहेत इथली. पुढच्या मिनिटाला एका शांत माकडाने त्यांच्या हातातली पिशवी घेतली. आत ऑफिसची फाईल होती आणि दोन वडापाव. माकडाने वडापाव खाल्ले, फाईल बघितली आणि टाकून दिली. साहेब म्हणाले माझा बॉसपण असंच करतो.

कोल्हापुरी_पांढरा
वडापाव कुठला होता ते महत्वाचं

स्लो_लोकल
गजानन. पिवळी बेसनाची चटणी माकडाने बोट लावून चाटली, खोटं नाही सांगत.

झणझणीत
कुंजविहारचा घ्यायचा होता, माकडाला एकच पुरला असता.

फडके_रोड
वडापावावरून आता शंभर प्रतिसाद होणार. मी झोपतो.

अर्धाकप
गडकरी रंगायतनबद्दल कोणीच नाही? आई बाबा लग्नाआधी पहिल्यांदा तिथेच भेटले होते, नाटकाच्या मध्यंतरात, मध्यस्थ काकू मुद्दाम बटाटेवड्याच्या रांगेत थांबल्या. ७८ ला सुरू झालं, हे ८१ मधलं. मध्यंतरी दुरुस्तीसाठी बंद होतं तेव्हा बाबा कधी उघडतंय म्हणून दर आठवड्याला पेपर चाळायचे. नाटक कुठलं होतं विचारलं तर दोघांची उत्तरं वेगळी.

तळ्याकाठची
अपडेट. आत्या आली. तुमच्या सगळ्यांच्या सांगण्यावरून मी भला मोठा प्लॅन केला होता, शनिवारी अंबरनाथ, रविवारी सकाळी ओवळा. आत्याचे गुडघे बघितले आणि प्लॅन घडी करून ठेवला. गाभाऱ्याच्या पायऱ्या तिला झेपल्या नसत्या. शेवटी काय, रिक्षाने कौपिनेश्वर. तिथली पिंडी बघून म्हणाली "एवढीच मोठी होती होय गं? मला वाटलं मी लहान असताना मोठी दिसली असेल." अगं तू तेव्हा पस्तिशीची होतीस! १७६० च्या जीर्णोद्धाराचं मी सांगायला लागले तर म्हणाली "दादासारखं करू नकोस."

मग तलावपाळी. दिवे लागले होते, चर्चच्या बाजूने वारा येत होता. बोटीत बसायला नाही म्हणाली. कठड्यापाशी बसली आणि बसल्या बसल्या दोन्ही चपला काढून पिशवीत घातल्या, वर चेन लावली. मी बघत राहिले. म्हणाली "एक आत आहेच. जोड पूर्ण करायचा नाहीये मला." भेळ खाल्ली, माझ्यातली पण अर्धी खाल्ली. बाबांचा विषय निघाला नाही, पण उठताना प्लॅटफॉर्मवरची तारीख तिनेच सांगितली, महिन्यासकट.

उद्या पहाटेची गाडी आहे. दशम्या करायच्यात तिच्याबरोबर द्यायला, नंतर वाचते सगळं.

वालधुनी
आत्याबाईंना नमस्कार सांगा. पुढच्या वेळी अंबरनाथला बाहेरूनच दाखवू, बाहेरचंच जास्त आहे बघण्यासारखं. मी येते स्टेशनवर.

झणझणीत
उंडगा, १ बीएचके मिळाला का?

उंडगा
नाही. पण काल मामलेदारला जाऊन आलो. तिखट सांगितली. अजून बोलता येत नाहीये नीट.